बायबलमध्ये ‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे’ असं लिहिलंय, मग मैत्रिणीच्या चर्चमध्ये पाळक म्हणून बाई कशी? आमच्या वसईत तर फक्त फादरच असतात.

माझी आजी नगर जिल्ह्यात ‘बायबलबाई’ होती. मिशनच्या तुटपुंज्या पगारावर गावोगाव चालत जायचं, बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, जमलं तर अक्षरओळख करून द्यायची. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मात्र तिला आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची झाली तर व्यासपीठाच्या पायरीखाली उभं राहून. पायरी एकच होती, वीतभर उंच. तुमचा प्रश्न वाचला आणि आधी ती पायरीच आठवली.

तुम्ही म्हणता ते वचन १ करिंथ १४:३४, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं. आहेच तसं. पण त्याच पत्रात तीन अध्याय आधी, ११:५ मध्ये, सभेत प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या बाईने डोकं झाकावं असं पौल सांगतो. गप्पच बसवायचं होतं तर पदराची चर्चा कशाला? शिवाय काही जुन्या हस्तलिखितांत ही ‘गप्प राहा’वाली दोन वचनं अध्यायाच्या शेवटी सापडतात. त्यावरून ती मागाहून घातली गेली असावीत, असं काही अभ्यासकांचं मत आहे. १ तीमथ्य २:१२ मात्र अवघड: स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार गाजवू नये, असं ते वचन. तिथे ‘अधिकार गाजवणे’ यासाठी जो ग्रीक शब्द आहे तो नव्या करारात दुसरीकडे कुठेच येत नाही, म्हणून त्याच्या अर्थावरून भांडणं संपत नाहीत. मला ते वचन उडवून लावता येत नाही, पण त्या एका ओळीवर सगळी इमारतही उभी करवत नाही.

कारण पौलाच्याच रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय. नावांची यादी म्हणून आपण तो उरकून टाकतो. त्यात करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातल्या मंडळीतली फीबी आहे. तिला पौल जो ग्रीक शब्द लावतो, तोच तो इतरत्र स्वतःलाही लावतो. मराठीत तिची झाली ‘सेविका’. प्रिस्काचं नाव नवऱ्याच्या, अक्विलाच्या, आधी येतं. आणि युनिया तर प्रेषितांमध्ये, म्हणजे शुभवर्तमान सांगायला पाठवलेल्यांमध्ये, नावाजलेली! चौथ्या शतकातला धर्मगुरू ख्रिसोस्तोम याने ती बाई आहे हे गृहीत धरूनच तिचं कौतुक केलं होतं. विसाव्या शतकातल्या छापील ग्रीक आवृत्त्यांत मात्र स्वराघात बदलून तिचा कित्येक वर्षं पुरुष करून ठेवला होता.

आता आपल्याकडचं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं की नाही असा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईंचं उत्तर साधारण असं: माझ्या आईने किंवा मी तरुणांना शिकवण्याला माझ्या वडिलांची हरकत नव्हती, नवऱ्याचीही नव्हती, मग तुमची का? ज्या बाईला कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये ‘सरस्वती’ म्हटलं, तिला हे ऐकावं लागलं. पुढे याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून ते बाहेर पडलं. खिळे जुळवण्यापासूनचं काम तिथल्या बायकांनीच केलेलं.

मैत्रिणीचं चर्च बहुधा प्रोटेस्टंट असणार. १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या सी.एन.आय.मध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्त्रियांना पाळकाची दीक्षा मिळते, दक्षिणेकडच्या सी.एस.आय.मध्ये (चर्च ऑफ साउथ इंडिया) तर २०१३ साली एक बाई बिशपही झाल्या. सगळेच प्रोटेस्टंट मात्र हे मानत नाहीत.

तुमच्या कॅथलिक चर्चमध्ये अडचण त्या वचनाची फारशी नाहीच. येशूने बारा प्रेषित पुरुष निवडले आणि परंपरा तीच चालत आली, हा तिथला मुख्य मुद्दा. १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्त्रियांना याजकपद देण्याचा अधिकार चर्चला नाही असं लिहून तो विषय बंद केला. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये येशूची शिष्या मग्दालीया मरीया हिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला, आणि २०२१ पासून वाचक व वेदीसेवक ही पदं स्त्रियांना रीतसर मिळू लागली. म्हणजे वसईतली बाई आता रीतसर वाचक होऊन वेदीजवळून शास्त्र वाचू शकते. मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, मात्र फादरच करणार.