मोदकाच्या कळ्या फोटोत दिसायच्या असतील तर

ताई, एवढ्यासाठी नवा फोन घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की ऑर्डरसाठी घरी काढलेले उकडीच्या मोदकांचे फोटो पिवळट आणि सपाट येतात, हॉटेलातली मिसळ मातकट दिसते आणि फोन चार वर्षांचा आहे. तो फोन पुरेसा आहे. वहिनीच्या डब्यांच्या व्यवसायासाठी मी सहा वर्षं फोटो काढतोय, त्यातली पहिली तीन वर्षं तर याहून साध्या फोनवर गेली.

तुमच्या मोदकांवर प्रकाश फोनच्या बाजूने पडतोय, खरी अडचण तिथे आहे. फ्लॅश किंवा तुमच्या पाठीमागची ट्यूबलाइट मोदकावर सरळ आदळली की कळ्यांच्या सावल्या मोदकाच्या मागे जातात. कळी आपल्याला दिसते ती तिच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली असते म्हणून. ताट खिडकीपासून दोन-तीन फुटांवर ठेवा, खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येऊ द्या आणि घरातले सगळे दिवे बंद करा. हे शेवटचं टाळू नका. घरातला पिवळा बल्ब साधारण 2700 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) असतो, दिवसाचा उजेड 5500 च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की मोदकाची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर होते. मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतला पिवळा-निळेपणा सुधारायची सोय, कितीही फिरवा, एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

खिडकीतून थेट ऊन येत असेल तर ग्रिलच्या सावल्या ताटभर पडतात. अशा वेळी पातळ पांढरी ओढणी किंवा जुनं धोतर खिडकीला लावायचं, सगळी खिडकीच मऊ उजेड देऊ लागते. सावलीची बाजू फारच काळी होत असेल तर तिकडे पांढरा पुठ्ठा किंवा थर्माकोलचा तुकडा उभा करा.

आता पांढरेपणा. सगळी चौकट पांढरी दिसली की कॅमेरा उजेड जास्त झाला असं धरून चालतो आणि फोटो काळवंडतो. मोदक, भाकरी, दहीभात, सगळ्यांचं हेच होतं. स्क्रीनवर मोदकाला बोट लावा आणि उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा; कळ्यांच्या रेषा पुसट व्हायला लागल्या की थांबा. काळ्या मसाल्याच्या रश्श्याला उलटं करायचं, पट्टी खाली.

मोदकांसाठी मला सगळ्यात आवडते ती ओट्याची कडप्पा फरशी. काळ्यावर पांढरा मोदक उठून दिसतो आणि वाफही दिसते, कारण वाफ दिसायला बाजूने किंवा मागून उजेड आणि पाठीशी काळोख लागतो. तूप फोटोच्या अगदी आधी सोडा, मोदकात मुरलं की चमक जाते. स्टीलचं ताट असेल तर तुमच्या कपड्यांचा रंग त्यात उतरतो, म्हणून लाल-केशरी काही घालून उभं राहू नका.

मिसळीला खिडकी बाजूला नको, समोर हवी: खिडकी पलीकडे, आपण अलीकडे, मध्ये वाटी. तर्री म्हणजे वर तरंगणारं तेल, ते आरशासारखं वागतं. खिडकीचा उजेड त्यावरून उसळून कॅमेऱ्यात आला तरच ती झळाळते. फारच पांढरा डाग आला तर फोन थोडा वर घ्या. रस्सा ओतल्यावर फरसाण लगेच मऊ पडायला लागतं, त्यामुळे जागा, कोन, उजेड आधी ठरवून ठेवा आणि रस्सा मग ओता.

हॉटेलात मी टेबल खिडकी बघूनच निवडतो आणि दुपारी जातो. जुन्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलं असतात. तो पांढरा दगड खालून उजेड परत फेकतो, वेगळा पुठ्ठा लागत नाही. रात्री पिवळ्या दिव्याखाली जेवताना फ्लॅश नकोच. सोबतच्याच्या फोनचा टॉर्च टिश्यू पेपरमागे धरून बाजूने उजेड द्यायचा, तोही शेजारच्या टेबलाला त्रास होणार नाही एवढाच वेळ. आणि जेवण गार करू नका. वाढणाऱ्याने गरम आणून दिलंय, त्याचा मान राखायचा. मी तीन-चार फोटोंवर थांबतो.

कोनाबद्दल थोडक्यात. थाळी बरोबर वरून काढा, वाटीतला पदार्थ तिरका, वडापाव जवळजवळ त्याच्याच उंचीवरून. वाढलेलं पान काढताना मात्र जेवणाऱ्याच्या बाजूनेच उभं राहा. मीठ-लिंबू वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, असं आपलं पान डोळ्यांत बसलेलं असतं. ते उलटं दिसलं तर बघणाऱ्याला लगेच खटकतं, आणि घरगुती जेवण विकणाऱ्याच्या फोटोत ते खटकू नये असं मला मनापासून वाटतं.

ताटाला फोन चिकटवू नका. फोनची मुख्य लेन्स रुंद असते, जवळची वाटी फुगलेली दिसते. एक पाऊल मागे या आणि 2एक्स झूम वापरा. पोर्ट्रेट मोडही शक्यतो नको, मोदकाचं टोकच धूसर करतो. आणि स्वयंपाकघरातल्या फोनच्या लेन्सवर तेलाचा हात लागलेलाच असतो, दरवेळी सुती कापडाने पुसा.

उद्या सकाळी दहाच्या सुमारास दोन मोदक कडप्प्यावर ठेवून फोटो काढा आणि इथेच टाका. खिडकी कुठल्या दिशेला आहे तेही लिहा, म्हणजे ऊन कधी थेट येतं त्याचा अंदाज घेऊन वेळ ठरवू.