रक्तातील आकडे आणि न्यूमोनियाचे निदान

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. चार दिवस ताप, खोकला आणि धाप असल्यामुळे त्यांना रुग्णालयात नेले. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसात न्यूमोनिया दिसला. रक्तात सीआरपी १४२ आले, पण प्रोकॅल्सिटोनिन फक्त ०.१८ होते. डॉक्टरांनी लगेच प्रतिजैविके सुरू केली. यातील कोणती तपासणी खरी मानावी? प्रतिजैविकांची खरोखर गरज होती का? आणि सीआरपी रोज तपासावे का?

उत्तर : दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण या दोन तपासण्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. शरीरात कोठेही दाह सुरू झाला की यकृत सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) हे प्रथिन तयार करू लागते. सहा ते आठ तासांत ते वाढू लागते आणि साधारण दोन दिवसांत शिखर गाठते. १९३० मध्ये ते प्रथम सापडले ते न्यूमोनियाच्याच रुग्णांच्या रक्तात, तरीही ते केवळ फुफ्फुसाचे लक्षण नव्हे. शस्त्रक्रिया, मोठी इजा, संधिवात, इतकेच नव्हे तर तीव्र विषाणुसंसर्गातही ते वाढते. ताप, खोकला आणि धाप असलेल्या रुग्णात ते प्रतिलिटर १०० मिलिग्रॅमच्या वर गेले तर जिवाणूजन्य न्यूमोनियाची शक्यता बळावते, एवढेच त्यावरून म्हणता येते.

प्रोकॅल्सिटोनिन या रक्तातील दुसऱ्या प्रथिनाबद्दल वैद्यकक्षेत्राला मोठी आशा होती. जिवाणूंच्या गंभीर संसर्गात शरीरातील अनेक अवयव ते रक्तात सोडतात, तर विषाणुसंसर्गात तयार होणारे इंटरफेरॉन त्याला आवर घालते. त्यामुळे या एका आकड्यावरून जिवाणू आणि विषाणू वेगळे ओळखता येतील असे वाटले होते. प्रत्यक्षात ही रेषा तितकी स्पष्ट निघाली नाही. मायकोप्लाझ्मासारखे जिवाणू न्यूमोनिया करतात, तरी प्रोकॅल्सिटोनिन कमी राहू शकते. म्हणूनच अमेरिकेतील श्वसनरोग आणि संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१९ मध्ये स्पष्ट सल्ला दिला, की लक्षणे आणि एक्स-रे यांवरून न्यूमोनिया ठरला असेल, तर सुरुवातीचे प्रोकॅल्सिटोनिन कितीही असो, प्रतिजैविके द्यावीत. आपल्या वडिलांच्या डॉक्टरांनी हेच केले आणि माझ्या मते ते योग्यच केले.

मग या तपासण्यांचा उपयोग कोठे? माझ्या दृष्टीने त्यांचे खरे मोल उपचार सुरू झाल्यानंतर कळते. संसर्ग आटोक्यात आला की सीआरपी साधारण १९ तासांत आणि प्रोकॅल्सिटोनिन साधारण एका दिवसात निम्म्यावर येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही सीआरपी निम्म्यापर्यंत उतरले नसेल, तर फुफ्फुसाच्या आवरणात पू साठला आहे का, जंतू औषधाला दाद देत नाही का, की मुळात निदानच वेगळे आहे, हे पुन्हा तपासावे लागते. उलट, रुग्ण सुधारत असताना प्रोकॅल्सिटोनिन प्रतिमिलिलिटर ०.२५ नॅनोग्रॅमच्या खाली किंवा शिखरापेक्षा ८० टक्क्यांनी उतरले, तर प्रतिजैविके थांबवण्याचा निर्णय अधिक निःशंकपणे घेता येतो. वडिलांना बरे वाटत असेल तर रोज रक्त काढण्याची गरज नाही. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशीची एक तपासणी बहुधा पुरते.

अहवाल वाचताना एकक अवश्य पाहावे. काही प्रयोगशाळा सीआरपी प्रतिलिटर मिलिग्रॅममध्ये देतात, तर काही प्रतिडेसिलिटर मिलिग्रॅममध्ये, आणि या दोन आकड्यांत दहापट फरक पडतो. या गोंधळातून नातेवाईक विनाकारण हवालदिल झालेले मी अनेकदा पाहिले आहेत. जुनाट मूत्रपिंडविकारात प्रोकॅल्सिटोनिन संसर्गाविनाही वाढलेले असू शकते, यकृत फार निकामी असल्यास सीआरपी अपेक्षेइतके वाढत नाही आणि स्टेरॉइडमुळे पांढऱ्या पेशींची संख्या फुगते. म्हणून आधीचे आजार आणि चालू औषधे डॉक्टरांना आवर्जून सांगावीत. आणि आकडे उतरत असले तरी वडिलांचा श्वास मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक होऊ लागला, ऑक्सिजनची पातळी घसरू लागली किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर पुढच्या अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांना त्याच क्षणी कळवावे.

प्रश्न : मला आठ दिवस खोकला आहे, ताप नाही, धापही नाही. मी स्वतःहून सीआरपी तपासले, ते १४ आले. प्रतिजैविक घ्यावे का?

उत्तर : आपण सांगितलेल्या लक्षणांवरून तशी गरज दिसत नाही. एक्स-रे न काढता खोकल्याच्या रुग्णाबाबत निर्णय घ्यायचा असेल, तर ब्रिटनमधील २०१४ च्या मार्गदर्शक सूचनेने सीआरपी प्रतिलिटर २० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास प्रतिजैविक नको, १०० च्या वर द्यावे आणि मधल्या पातळीवर थोडे थांबून ठरवावे, असा आधार दिला होता. मात्र खोकला दोन आठवड्यांनंतरही टिकला तर क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी; सीआरपी फारसे वाढलेले नसले तरी क्षयरोग असू शकतो.