एचओ प्रमाणातील, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकाराची, मॉडेल रेल्वेची वाघीण (मालडबा) आणि प्रवासी डबा घरी रंगवायचा आहे. ब्रश, स्प्रे कॅन की एअरब्रश?

आपण १:८७ प्रमाणातली बॉक्सएन वाघीण (कोळशासाठीचा उघडा मालडबा) आणि जुन्या, दोन निळ्या छटांच्या रंगातला आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बांधणीचा) डबा असे प्लास्टिकचे दोन संच घेतले आहेत आणि दोन्हींसाठी एकच पद्धत विचारली आहे. माझ्या मते दोघांना वेगळी पद्धत लावावी. वाघिणीच्या बाजूंवर उभ्या पट्ट्या आणि सांधे असल्यामुळे ब्रशच्या खुणा लपून जातात, शिवाय तिच्यावर पुढे गंज आणि धूळ दाखवायचीच असते. त्यामुळे चपट्या, मऊ ब्रशने पातळ ॲक्रिलिकचे तीन-चार थर दिले तरी पुरते. डब्याची बाजू सपाट असते, त्यावर ब्रशची प्रत्येक रेघ दिसते, म्हणून तिथे फवारणीच हवी.

एकाच डब्यासाठी एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेन) आणि त्याला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा खर्च मला पटत नाही. मॉडेलसाठी मिळणारा स्प्रे कॅन पुरेसा आहे. हार्डवेअरच्या दुकानातले गाड्यांचे काही रंग मात्र प्लास्टिक विरघळवतात, तेव्हा आधी संचातले भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या उरलेल्या तुकड्यावर चाचणी घ्यावी. पुढे डब्यांची संख्या वाढली तर ०.३ मिमी नोझलचा एअरब्रश घ्यावा आणि दाब १५ ते २० पीएसआय ठेवावा.

आपण बडोद्याचेच आहात, म्हणून हवेबद्दलही सांगतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे लॅकर प्रकारच्या रंगावर पांढुरकी झाक येते, तर मे महिन्याच्या दुपारी रंगाचे थेंब पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच वाळून खरखरीत बसतात. सकाळची कोरडी, निवांत वेळ बरी. रंगाआधी सुटे भाग भांड्यांच्या साबणाने धुवावेत, कारण साच्याचा तेलकट अंश राहिला तर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) धरत नाही.

डब्याच्या दोन निळ्या छटांपैकी फिकट छटा आधी मारावी. ती पूर्ण वाळली की मास्किंग टेप लावून तिची कड नखाने दाबावी आणि कडेवर त्याच फिकट रंगाचा एक विरळ हात द्यावा. जी काही फट असेल ती त्याच रंगाने बुजते आणि नंतरचा गडद रंग आत झिरपत नाही. टेप सरळ वर ओढू नये, स्वतःवर दुमडत हळूहळू काढावी.

अक्षरांचे डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरे) लावण्यापूर्वी चकचकीत वार्निश द्यावेच लागते. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असल्याने डेकलखाली हवा अडकते आणि अक्षरांभोवती चंदेरी डाग दिसतात. डेकल वाळल्यावर मॅट थर द्यावा. खिडक्यांच्या काचा त्यानंतरच बसवाव्यात, नाहीतर त्या धुरकटतात. क्रमांकही विचारपूर्वक निवडावा: डब्याच्या क्रमांकातले पहिले दोन अंक आणि वाघिणीच्या अकरा अंकी क्रमांकातले पाचवा-सहावा अंक बांधणीचे वर्ष सांगतात. कोऱ्या वर्षाच्या वाघिणीवर जुनाट गंज विसंगत दिसतो.

मळ कुठे आणि किती दाखवायचा, हे बडोदा स्थानकावरून जाणाऱ्या गाड्या पाहून ठरवावे. प्रवासी डब्याच्या बाजू धुतल्या जातात, पण त्याची टोके आणि खालचा सांगाडा मळकटच राहतो. ब्रेकची तपकिरी भुकटी चाकांजवळ सर्वात दाट असते. कोळशाच्या वाघिणीत आतला रंग घासून गेलेला असतो, तिथे गंज बाहेरच्यापेक्षा जास्त दाखवावा. पेस्टल खडू ब्लेडने खरवडून ती पूड जुन्या मऊ ब्रशने लावली की हे सारे साधते. वरच्या मॅट थराने पूड फिकी पडते, तेव्हा ती किंचित गडद लावावी. बाजारातल्या तयार मॉडेलवर दिसतो तितका गंज मला तरी अतिशयोक्त वाटतो.

चाकांचा रुळावर टेकणारा भाग, आसांची टोके आणि कपलर (डबे एकमेकांना जोडणारे आकडे) यांना रंग लागू देऊ नये. डबा अडखळतो आणि जोडणी अडकते.