सुटलेले तीन दिवस कोणाचे?

प्रश्न : नाशिकच्या एका औषध कंपनीत मी 28 वर्षं नोकरी करते. सध्या क्वालिटी कंट्रोल लॅबची प्रमुख आहे. वय 56, दोन वर्षांनी निवृत्ती. एकदम घरी बसायची धास्ती वाटते, म्हणून काम हळूहळू कमी करता येईल का, असं मीच विचारलं. आठवड्यातून तीन दिवस यायचं आणि अर्धा पगार, असं कंपनीने सुचवलंय. घरी सांगितलं तर मुलगा म्हणाला, "बरं झालं, पुढच्या महिन्यापासून पिल्लूचं पाळणाघर बंद करू." ह्यांनीही मान डोलावली. नातू माझा जीव की प्राण आहे, पण ते ऐकून पोटात गोळा आला. मी स्वार्थी आहे का?

उत्तर : ताई, अजिबात नाही. तुम्ही नोकरी कमी करायला निघालात आणि घरच्यांनी तेवढ्या वेळाची दुसरी नोकरी तुमच्यापुढे ठेवली, तीही न विचारता. गोळा येणारच.

मुलगा वाईट नाही. पाळणाघराचा खर्च, सुनेची धावपळ, सगळं खरं आहे. पण लहान मुलामागे दिवसभर धावणं हे 56 व्या वर्षी आरामाचं काम नाही, आणि एकदा पाळणाघर सुटलं की तुमच्या गुडघ्यांनाही रजा मिळत नाही. आजीने नातवाला सांभाळावं की नाही, हा वादच घालू नका. "बुधवारी दुपारी मी त्याला आणीन, बाकी पाळणाघर चालू राहील," एवढं स्पष्ट सांगा. तुमचे यजमान निवृत्त होऊन घरीच असतील, तर हा प्रश्न आधी त्यांच्याकडे का गेला नाही, हेही शांतपणे विचारा. मला तरी ते खटकलं.

उरलेल्या दिवसांचं काय करायचं, हे आज ठरलेलं नसलं तरी चालेल. "आई घरीच तर आहे" हे उत्तर ऐकू आलं तरी ते दिवस रिकामे राहू द्या. इतकी वर्षं घड्याळावर जगलेल्या माणसाला स्वतःला काय आवडतं हे कळायलाच काही महिने जातात.

आता लॅबबद्दल. तीन दिवसांच्या व्यवस्थेत हमखास एक गोष्ट घडते: पगार अर्धा होतो, जबाबदारी पूर्ण राहते. सुट्टीच्या दिवशी फोन येतो, "मॅडम, बॅच अडकलीय, काय करू?" आणि तुम्ही सांगता. म्हणून दिवस कमी करण्याआधी सहीचे अधिकार तुमच्या हाताखालच्या माणसाला रीतसर, लेखी द्यायला लावा. पुढच्या ऑडिटला उत्तरं त्यांनी द्यावीत, तुम्ही शेजारी बसावं. अवघड जाईल, मला कल्पना आहे. पण नोकरीतून हळूहळू बाहेर पडणं म्हणतात ते हेच.

आणि कंपनीने सुचवलेला अर्ध्या पगाराचा प्रस्ताव आहे तसा मला मुळीच पसंत नाही. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, शेवटच्या पगारावर निघते: मुख्यतः मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला 26 ने भागून 15 ने गुणायचं, मग गुणिले नोकरीची वर्षं. 58 व्या वर्षी तुमची 30 वर्षं भरतील. हा पगार 60 हजार धरला तर साधारण 10 लाख 38 हजार होतात. तोच 30 हजारांवर आला की 5 लाख 19 हजार. शेवटच्या दोन वर्षांच्या सवलतीपायी तीसही वर्षांची रक्कम निम्मी होते! त्यापेक्षा साठलेली रजा आठवड्याला एक दिवस अशी वापरता येईल का, ते बघा. 58 ला पूर्ण पगारावर निवृत्त व्हा, हिशेब हातात घ्या आणि मग तीन दिवसांचा सल्लागार म्हणून वेगळा करार करा.

स्वतःचा आरोग्य विमाही आत्ताच काढा. कंपनीचं कवच साधारणपणे नोकरीसोबत संपतं, आणि बीपी, शुगरसारखा आधीपासूनचा आजार असेल तर नव्या पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

कंपनीला होकार कळवण्याआधी एचआरकडून ग्रॅच्युइटीचे, पूर्ण पगारावरचा आणि अर्ध्या पगारावरचा, दोन्ही आकडे लेखी मागून घ्या. मुलाशी मात्र याच रविवारी बोला, पाळणाघराला नोटीस जायच्या आत.