छापचित्रातली सावली खोदू नका

प्रश्न : आमचं शहापूरला (बेळगाव) पिढीजात सोनारकाम आहे. मुलाने सोळाव्या शतकातल्या युरोपी लोलकांची छापचित्रं उतरवून घेतली आहेत. त्यातल्या समुद्री राक्षसाच्या लोलकावरून ४० मिमी उंचीचा, मिना केलेला २२ कॅरटचा डाग (दागिना) करायचा आहे. चित्र पत्र्यावर चिकटवून थेट खोदलं तर चालेल का?

उत्तर : थेट नको. अँटवर्पच्या हान्स कोलार्टची १५८१ची लोलकमालिका काय किंवा आउग्सबुर्गच्या डॅनिएल मिनोची १५९०च्या दशकातली चित्रं काय, ती कारागिरांना नमुना मिळावा म्हणूनच तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली गेली. पण त्यांतल्या बारीक आडव्या-उभ्या रेघा म्हणजे सावली आहे. राक्षसाच्या पाठीवर त्या खोदल्यात तर डाग मळकट दिसेल. तिथे पत्रा मागून ठोकून उठाव द्या, सावली आपोआप पडते. नुसत्या काळ्या-पांढऱ्या नक्षीची जी चित्रं असतात, त्यांतला काळा भाग मात्र बहुधा मिन्यासाठी खोदायचा असतो.

मापाचा विचार आधी करा. चित्रातला लोलक ८० मिमीचा असला तर निम्म्यावर आणताना ०.६ मिमीची पाळ (मिन्याच्या दोन खाचांमधली सोन्याची भिंत) ०.३ मिमी होते, आणि मिना घासताना तीच आधी तुटते. म्हणून पाच वेली असतील तिथे तीनच ठेवा, पाळ जाड राहू द्या. वजनाचा अंदाजही इथेच चुकतो : लांबी-रुंदी निम्मी केली तरी पत्र्याची जाडी तीच राहिली, तर सोनं चौथाई लागतं, अष्टमांश नाही.

मिन्याखालचा पत्रा १ मिमीचा घ्या, घर (मिना भरायची खाच) सुमारे ०.३ मिमी खोल. पातळ पत्रा भट्टीत वाकतो आणि निवताना मिना तडकतो. मिना साधारण ८०० अंशांवर भाजतो. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं. त्यामुळे केडीएमचा, म्हणजे कॅडमियम मिसळलेला, डाख (सांधा जोडायचा धातू) भट्टीत नेऊच नका : सांधा सुटेल, मिन्यात बुडबुडे येतील आणि धूर विषारी असतो. प्रत्येक भाग वेगळा भाजून शेवटी रिव्हेट किंवा स्क्रूने जोडणं सगळ्यात चांगलं.

सोनं कापण्याआधी तांब्याचा नमुना आरीने कापा, खालचे मोती ओवा आणि दोऱ्याला टांगा. राक्षसाची शेपटी जड असते, लोलक तिकडे कलतो. वरच्या कड्यांची जागा तेव्हाच ठरवा.

प्रश्न : अशाच चित्रावरून ठसा (पत्रा दाबून नक्षी उमटवायचा साचा) करायचा आहे. उलटासुलट कसं ओळखावं? (वाचक, निपाणी)

उत्तर : ठशात चित्र उलटं कोरा, म्हणजे पत्र्यावर सुलट उमटेल. छापतानाही चित्र उलटतं, त्यामुळे मूळ छापचित्रात योद्ध्याची तलवार डाव्या हातात दिसू शकते. कानातल्या जोडासाठी एक ठसा सुलट, एक उलट असे दोन करा, म्हणजे दोन्ही आकृत्या चेहऱ्याकडे वळलेल्या राहतील.