उत्तर: गाळातले तेल खाणारे जीवाणू बाटलीत वाढतच नाहीयेत

गाळातले तेल खाणारे जीवाणू बाटलीत का वाढत नाहीत, ही तुमची पोस्ट वाचली आणि माझे पीएचडीचे दिवस आठवले. माझा गोव्यासमोरचा समुद्रतळाचा 500 मीटर खोलीवरचा गाळ, बाटलीत डिझेल, 3 महिने झाले तरी काही हलत नाही आणि गाईड म्हणतात पुन्हा लाव. मीडिया (जीवाणू वाढवायचं द्रावण) बनवणं, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करणं तुम्हाला येतंच, ते सोडते.

मला एकच सांगा, गाळ हवेत किती वेळ उघडा होता? अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच, आणि खालच्या गाळात ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर जगणारे जे जीवाणू असतात त्यांना हवा म्हणजे विष. माझा कोअर (तळातून नळीने काढलेला गाळाचा नमुना) जहाजावरून उतरला तेव्हा काळाकुट्ट, कुजक्या अंड्यासारखा वास. मग बंदरावरच्या एका ऑफिसात अडकला, कागदावर 'माती' लिहिलंय 'गाळ' का नाही यावरून 4 दिवस, बर्फ वितळला, तपासायला कुणीतरी झाकणही काढलं. हातात आला तेव्हा वरचा थर तपकिरी झाला होता. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा असतो, तपकिरी झाला म्हणजे हवा शिरली. हे मला दिसत होतं, तरी एवढी बोट ट्रिप वाया कशी घालवू म्हणून मी तोच वापरला. पुढचं सगळं वर्ष त्यात गेलं. त्या ऑफिसचा राग अजून आहे, पण तो गाळ वापरायचा निर्णय माझाच होता.

तेव्हा रंग बदललेला गाळ सरळ टाकून द्या. मीडियात रेझाझुरिन नावाचा रंग घाला, गुलाबी दिसलं की ऑक्सिजन आहे, बिनरंगी झाल्याशिवाय गाळ घालू नका. हवा आत शिरू नये म्हणून बुचं जाड ब्यूटाइल रबरचीच घ्या आणि बाटल्या 30 अंशांवर ठेवू नका, तिथलं पाणी 10-12 अंशांचं असतं. अर्थात हे माझ्या गाळापुरतं, तुमचा खाडीतला असेल तर गणित वेगळं.

आणि 'जीवाणू तेल खाऊन टाकतील' म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली तेव्हा 1100 मीटर खोलीवर 5 अंशांच्या पाण्यातही जीवाणूंनी तेलावर झपाट्याने काम केलं, कारण तिथे पाण्यात ऑक्सिजन होता. अलास्कात 1989 ला सांडलेलं तेल मात्र किनाऱ्याच्या दगडगोट्यांखाली, जिथे हवा नीट पोचत नाही तिथे, कित्येक दशकं तसंच सापडत राहिलं. दर मे-जूनमध्ये गोव्याच्या किनाऱ्यावर डांबरगोळे (समुद्रात सांडलेल्या तेलाचे घट्ट गोळे) आले की मला कुणी ना कुणी विचारतंच, बॅक्टेरिया टाका की! अहो, बॅक्टेरिया तिथे आहेतच, हवा आणि त्यांना खतासारखा लागणारा नायट्रोजन कुठून आणणार? त्यामुळे सगळं नीट करूनही बाटली संथच चालली तर ते फेल्युअर समजू नका, ऑक्सिजन नसताना तेल किती टिकतं याचा तो डेटा आहे, थिसिसमध्ये लिहा.

अजून एक, बाटल्यांवर नावं पेन्सिलने लिहा. डिझेलचा हात लागला की मार्कर पुसला जातो, माझ्या 6 बाटल्या अशाच गेल्या.