नाव शेवटी येऊ दे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. निकालाच्या दिवशी छातीवर दाब आला, हात गार पडले, घास घशाखाली उतरेना, आणि खोलीतल्या मित्राने "वाईट वाटतंय का?" असे विचारले तेव्हा तुला खरोखरच उत्तर सापडले नाही, असे तू लिहिले आहेस. त्यावरून आपल्याला भावनाच नाहीत, असा निष्कर्ष तू काढलास, तो मला मुळीच मान्य नाही. ज्याला काही वाटतच नाही, त्याचे हात निकालाच्या दिवशी गार पडत नाहीत. भावना तुझ्या अंगात पोचली आहे. तिची ओळख पटणे तेवढे राहिले आहे.

या अवस्थेचा मानसशास्त्रात अभ्यास झालेला आहे. पीटर सिफ्निऑस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी तिला 'अलेक्सिथायमिया' असे नाव दिले. हा रोग नव्हे. कमीअधिक प्रमाणात आढळणारे ते एक स्वभाववैशिष्ट्य आहे. साधारणपणे दहांतील एका माणसात ते ठळकपणे दिसते आणि स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींमध्ये तर त्याहून पुष्कळ जास्त. त्याची कारणे अनेक असू शकतात, पण "मुलगा असून रडतोस काय?" हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलेल्या मुलांनी आतल्या खुणांकडे लक्ष देणेच सोडून द्यावे, याचे मला आश्चर्य वाटत नाही, दुःख मात्र वाटते.

तुझी खरी अडचण निराळी आहे, असे मला वाटते. छातीतील दाब नीट न्याहाळला की त्यातूनच भावनेचे नाव उमटेल, अशी तुझी अपेक्षा आहे. शरीर इतके स्पष्ट बोलत नाही. हृदय, फुप्फुसे, जठर, आतडी यांच्याकडून मेंदूकडे सतत वार्ता जात असतात. व्हेगस नावाच्या मज्जातंतूतील बहुतांश तंतू तर याच, खालून वर जाणाऱ्या कामासाठी आहेत. पण ती वार्ता बहुधा एवढीच असते की काहीतरी बदलले आहे. शरीरातील बदलांची जाणीव हीच भावना, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये मांडले. त्यावर १९२७ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी आक्षेप घेतला, की भीतीत आणि क्रोधात होणारे आतले बदल बरेचसे सारखेच असतात आणि तापात किंवा थंडीतही तसेच काही घडते. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव, म्हणजे भावनेमुळे अंगावर उमटणाऱ्या खुणा, सांगितले आहेत. त्यांतील 'स्वेद', म्हणजे साधा घाम, क्रोधाने येतो, भयाने येतो, हर्षाने, लज्जेने, दुःखाने येतो, आणि श्रमाने व रोगानेही येतो, असे तिथे म्हटले आहे. मग प्रेक्षकाला नटाच्या कपाळावरचा घाम कशाचा आहे हे कळते कसे? समोर काय घडले, म्हणजे ज्याला विभाव म्हणतात ते, त्याने पाहिलेले असते.

तूही तेच कर. अंगात काही जाणवले की प्रथम ते कुठे आणि कसे आहे एवढेच वहीत लिही: जडपणा, कोरड, मुंग्या, पोटातला गोळा. मग त्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडले, कोण काय बोलले, कोणता फोन आला, हे लिही. त्यानंतर, आणि माझ्या अनुभवात हेच सर्वांत उपयोगी पडते, शरीराला त्या क्षणी काय करावेसे वाटत होते ते आठव. तिथून निघून जावेसे वाटत असेल तर भीतीकडे बघ. उलट उत्तर द्यावेसे वाटत असेल तर रागाकडे. कुणी आपल्याकडे पाहूच नये असे वाटत असेल तर लाजेकडे. भावनेचे नाव सर्वांत शेवटी लिही. एकाऐवजी दोन नावे लिहिलीस तरी चालेल, कारण निकालाच्या दिवशी माणसाला लाज आणि सुटका दोन्ही वाटू शकतात. दुसऱ्या दिवशी नाव बदललेस तरी हरकत नाही.

नोंद झाली की वही मिटून ऊठ. तासन्‌तास छातीचे ठोके ऐकत बसल्याने काळजी करणाऱ्या माणसाची काळजी वाढतेच. शिवाय प्रत्येक धडधडीमागे भावना असतेच असे नाही: उपाशीपोटी घेतलेला चहा, अपुरी झोप, रक्तातील लोहाची कमतरता, थायरॉइडचा विकार यांनीही छाती धडधडते. म्हणून एकदा डॉक्टरांकडून तपासणी करून घे. छातीतला दाब पुन्हा आला तर ते अजिबात लांबणीवर टाकू नकोस. मन फारच सुन्न झाले, तर टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आई फोनवर विचारते तेव्हा तू "ठीक आहे" म्हणून विषय संपवतोस, असेही तू लिहिले आहेस. यापुढे तिला "काय वाटतंय ते नीट कळत नाही, पण सकाळपासून छाती जड आहे," असे सांगून पाहा. ते पूर्ण उत्तर आहे, आणि खरेही आहे. मलाही तुझ्या वहीतल्या एकदोन नोंदी पाठव. नावाची जागा रिकामी असली तरी पाठव. आपण दोघे मिळून त्या वाचू.

तुझी,
बाई